अर्धी हजामत आणि पांढरी पवनचक्की

एक अत्यंत गंभीर बातमी आज प्रथमच जाहीर करतो आहे. वाचकांनी शक्यतो खाली बसून घ्यावं. आमच्या काकांनी आयुष्यात एकदा प्रेक्षणीय स्थळ पाहिलं होतं.

एकदाच, तेही जेमतेम अर्धा-पाऊण तास. पण पाहिलं होतं, आणि त्याचा मी साक्षीदार आहे. दुसऱ्या एका वेळेबद्दल मला दाट संशय आहे, पण त्याचा पुरावा म्हणजे फक्त एक मिठाईचा खोका. पहिली गोष्ट मात्र खात्रीची. "मी आहे तोवर हे बाहेर गेलं नाही पाहिजे," असं त्यांनी माझ्याकडून बोटीच्या कठड्यावर हात ठेवून वदवून घेतलं होतं. गेल्या वर्षी ती अट संपली. म्हणून आज तोंड उघडतो. नाव तरीही सांगणार नाही. अख्खं ग्योतोकु त्यांना काकाच म्हणायचं, तेवढं पुरे.

ग्योतोकु म्हणजे टोकियोतून तोझाई मेट्रो लाईन नदी ओलांडून चिबात शिरते तिथलं उपनगर. त्या वर्षांत भारतातून सॉफ्टवेअरवाली पोरं विमानं भरभरून येत होती आणि त्यातली निम्मी इथे उतरायची, कारण परदेशी भाडेकरूला नकार न देणारे घरमालक इथे सापडत. मी त्याच पोरांपैकी. आमच्या चार मजली इमारतीत मी, बायको मेधा आणि चार वर्षांची मनू तिसऱ्या मजल्यावर राहायचो, आणि डोक्यावर काका. ते आमच्यातले नव्हते. मुंबईच्या एका बँकेने त्यांना इथल्या शाखेत पाठवलं होतं. वय त्रेपन्न, उंच, हडकुळे, आणि डोकं कायम नुकतंच भादरलेलं. काकू मुंबईत मुख्याध्यापिका होत्या. शाळा सोडून त्या येणं शक्य नव्हतं.

ते डोकं हाच त्यांचा पासपोर्ट. काका कुठल्याही गावाला गेले की पहिलं काम म्हणजे न्हाव्याचं दुकान शोधायचं आणि केस कापून घ्यायचे. देऊळ नाही, किल्ला नाही, धबधबा नाही. थेट खुर्ची. तीन दिवसांची सुट्टी असली तर तीन गावं आणि तीन हजामती. पहिल्या दिवशी केस, दुसऱ्या दिवशी कानामागचं, तिसऱ्या दिवशी कापण्यासारखं काहीच न उरल्यामुळे नुसती मान. सोमवारी आमच्या भागातली न्हाव्यांची दुकानं बंद, म्हणून सोमवारी काकाही कुठे जात नसत. एकदा मी उत्साहाने म्हटलं, "काका, फुजी?" ते म्हणाले, "वर न्हावी आहे का?"

यामागे एक शास्त्र होतं, आणि ते ऐकवल्याशिवाय काका कुणालाही जिना उतरू देत नसत.

"हे बघा, प्रेक्षणीय स्थळाला तुमची गरज नसते. तुम्ही नाही गेलात तरी ते तिथेच. तुम्ही गेलात तरी कुणी विचारत नाही, आलात का बुवा. आणि तिथे बोलावं लागत नाही. तिकीट मशीनमधून, चहा मशीनमधून, फोटो आपला आपण. न्हाव्याकडे तसं नाही. त्याच्या हातात वस्तरा आहे आणि तुमची मान आहे. तो विचारणार, कुठून आलात? तुम्हाला सांगावंच लागणार. तोंड उघडल्याशिवाय जिथून सुटका नाही, तिथेच जायचं. बाकी सगळं कॅलेंडरवर असतं."

परिणामी त्यांचं जपानी अस्खलित होतं, पण सगळं खुर्चीत बसून शिकलेलं. अहवाल लांबला की ते बँकेतल्या जपानी साहेबाला म्हणायचे, "वरून जरा हलका करू या." मीटिंग आटोपती घ्यायची असेल तर, "आता कडा तेवढ्या सारख्या करा आणि सोडा." साहेब पहिलं वर्षभर गोंधळला, म्हणे. दुसऱ्या वर्षापासून तोच म्हणायला लागला.

बँकेत त्यांनी आणखी एक धमाल उडवून दिली होती. जपानी ऑफिसचा नियम असा की सुट्टीत गावाला गेलेल्या माणसाने परतताना सगळ्यांसाठी तिथली मिठाई आणायची. प्रत्येक वडी वेगळ्या कागदात, खोक्यावर गावातल्या प्रसिद्ध ठिकाणाचं चित्र. स्टेशनवर असे खोके रचून ठेवलेले असतात. कुणी चुकत नाही. काका चुकायचे. ते कधी स्टेशनवर थांबलेच नाहीत. एका गावाहून त्यांनी एकोणीस जणांना सुयांची एकोणीस पाकिटं आणली, आणि दुसऱ्याहून भांडी घासायच्या काथ्याच्या घासण्या, थेट कोकणातून आणल्यासारख्या. "तिथले लोक जे विकत घेतात ते आणायचं," काका म्हणायचे. "मिठाई तिथले लोक घेतात का? ती तुमच्यासाठीच केलेली असते." एकोणीस लोकांनी दोन्ही हातांनी, कमरेत वाकून, एकेक घासणी स्वीकारली. पुढे काकांच्या निरोपसमारंभात हिशेबखात्यातली एक अबोल बाई उठून म्हणाली, "आईची घासणी झिजली आहे. ती विचारते, ते गाव कोणतं?" काका त्या दिवशी भाषणात फक्त एवढंच बोलले, त्या गावाचं नाव, आणि खाली बसले.

आता मेधाबद्दल सांगायला हवं, कारण पवनचक्की तिची.

मेधा पुण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. दिवसाला पाच तास बोलणारी बाई. मागच्या बाकावर कुजबुज झाली तर खडू फेकून मारणारी. ती ग्योतोकुला आली आणि आठ महिन्यांत तिचं बोलणंच बंद झालं. आधी मला कळलंही नाही, मी सकाळी आठला जायचो आणि रात्री दहाला यायचो. ती मोठ्या दुकानातून सामान आणायची, तिथे बोलावं लागत नाही. कचऱ्याच्या पिशव्यांचं वेळापत्रक तिला पाठ होतं, जळणारा मंगळवारी, बाटल्या गुरुवारी. तिथेही बोलावं लागत नाही. मनू बालवाडीतून जपानी शिकून यायची आणि आईने मराठीत काही सांगितलं की "यादा!" म्हणजे "नको जा!" असं ओरडायची. मेधा केस कापायलासुद्धा गेली नव्हती. किती, कसे, पुढून का मागून, हे सांगणार कसं? न्हाणीघरात आरशासमोर उभी राहून स्वयंपाकघरातल्या कात्रीने स्वतःच वेणीचं टोक कापायची. वाकडं. मग दुसऱ्या बाजूने सारखं करायला जायची, ते आणखी वाकडं.

एप्रिलमध्ये तिने शांतपणे सांगितलं, "मी आणि मनू परत जातोय. तुझं प्रोजेक्ट संपेपर्यंत तू राहा. माझं इथे काही होत नाही रे." तिकीट काढलंही, एकेरी. मेच्या मोठ्या सुट्टीनंतरच्या रविवारचं.

  मी एवढंच विचारलं, जायच्या आधी काही बघायचंय का? तिने बिल्डिंगच्या पत्रपेटीतून आलेलं एक रंगीत पत्रक पुढे केलं. सेतोच्या समुद्रातलं एक बेट. ऑलिव्हची झाडं, निळं पाणी, टेकडीवर ग्रीसमध्ये असते तशी पांढरीशुभ्र पवनचक्की. वर लिहिलेलं, जपानचं भूमध्य. लग्न ठरलं तेव्हा मी तिला ग्रीस दाखवीन म्हणालो होतो; त्या वेळी मला माझा पगार माहीत नव्हता. "इथे एक फोटो काढू," ती म्हणाली. "ताईला पाठवीन. म्हणजे आपण कुठेतरी गेलो होतो असं होईल."

बेटावरचं बोलणं कोण करणार, म्हणून मी काकांना बरोबर घेतलं. हा माझा शहाणपणा. काकांनी पवनचक्कीच्या फोटोचं ऐकलं, मेधाकडे बघितलं आणि म्हणाले, "पवनचक्की चार वाजता. दिला शब्द. मी खाली थांबेन, तुम्ही वर जा." आणि मग एकदम उजळून, "या बेटासाठी मी महिनाभर केस राखून ठेवतो." खरोखरच राखले. बँकेत लोक त्यांना ओळखेनात.

शिनकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेनने ओकायामा, तिथून बोट. बोटीतून उतरलेली सगळी गर्दी पवनचक्कीच्या बसकडे वळली आणि आम्ही काकांच्या मागे उलट्या दिशेला. काकांनी आम्हाला काय काय दाखवलं! सोया सॉसच्या जुन्या कारखान्यांची गल्ली, जिथल्या भिंती वासानेच काळ्या झाल्यासारख्या वाटत होत्या. शेवया दांड्यांवर धोतरासारख्या वाळत घातलेलं अंगण. लोखंडी सामानाचं दुकान, तिथल्या म्हाताऱ्याने मनूला एक बिजागरी भेट दिली. ती तिने दिवसभर उघडझाप केली. मेधा मागून चालत होती.  दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होती.

अडीच वाजता तीन रंगांचा खांब दिसला, म्हणजे जपानी न्हाव्याच्या दुकानाची खूण. फिरत नव्हता, पण होता. आत एकच खुर्ची, एक मोठा आरसा आणि सत्तरी ओलांडलेली एक आजीबाई. काकांच्या तोंडावर मूल होणाऱ्या बापाचा आनंद.

"बस तीन पस्तीसची," मी म्हटलं.

"अर्ध्या तासात मोकळा," काका म्हणाले.

पण आजी घाईतल्या नव्हत्या. त्यांनी आधी जेवण संपवलं. मग चहा केला, सगळ्यांना दिला. मग काकांच्या मानेभोवती पांढरं कापड बांधलं आणि हाताने दाबायचं जुनं मशीन काढलं. चार वेळा दाबलं की त्या थांबायच्या आणि काहीतरी सांगायच्या. नवरा याच खुर्चीत कोळ्यांच्या दाढ्या करायचा. तो गेल्यावर दुकान बंद करणार होत्या, पण दुसऱ्याच दिवशी एक कोळी येऊन बसला, त्याला कसं घालवणार? काका त्यांना मुंबईच्या कोळीवाड्याचं सांगायचे. आजी मशीन छातीशी धरून ऐकायच्या. तीन वाजले. सव्वातीन. काकांचं उजवं अर्धं डोकं गुळगुळीत झालं होतं. डाव्या अर्ध्यावर महिन्याभराचं जंगल तसंच होतं.

तीन पस्तीसला बस दुकानासमोरून गेली. जपानी बस, तिला कसला उशीर व्हायचा? काचेतून आम्ही सगळ्यांनी ती जाताना पाहिली. त्या बाजूची शेवटची होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमची परतीची बोट.

मेधा बाकावर बसली होती.  ती म्हणाली, "आठ महिन्यांत एक गोष्ट मागितली होती मी. एक फोटो." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. तिने आमच्याकडे पाठ केली आणि भिंतीवरच्या दरपत्रकाकडे तोंड करून रडायला लागली. दरपत्रक जपानीत होतं. तिला त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं.

तिला वाटलं असणार, पाठ केली म्हणजे कुणाला दिसत नाही. पण न्हाव्याच्या दुकानात आरसा असतो. काकांना आरशात ती दिसत होती. त्यांचं अर्ध्यावर आलेलं कोळीवाड्याचं वाक्य तिथेच राहिलं. ते कापडासकट उठले, आजींपुढे वाकले आणि भराभर काहीतरी बोलले. आजींनी मेधाकडे बघितलं, भिंतीवरच्या खिळ्यावरून किल्ली काढली, कंगवा-कात्री आणि मशीन एप्रनच्या खिशात टाकलं, कालचं वर्तमानपत्र काखेत मारलं आणि बाहेर जाऊन आपली चिमुकली डबा गाडी सुरू केली.

"चला," काका म्हणाले.

"काका, तुमचं डोकं—" मी म्हटलं.

"ते माझ्याबरोबरच येतंय."

आजी गाडी अशा हाकत होत्या की समोरच्याने बाजूला व्हावं हा जणू कायदाच. पुढे काका, गळ्यात पांढरं कापड, मागे आम्ही तिघं. मला काकूंची आठवण झाली. त्या आदल्या दिवाळीत ग्योतोकुला आल्या होत्या आणि पोहे खाता खाता त्यांनी हसत हसत सांगितलं होतं, "लग्नानंतर ह्यांनी मला आग्र्याला नेलं. ताजमहाल सोडून सगळं आग्रा बघितलं मी! चपलांचा बाजार, पेठ्याचा कारखाना, आणि ह्यांचा न्हावी." आम्ही पोट धरधरून हसलो होतो. काका सगळ्यांत मोठ्याने.

गाडीत काका मागे वळून न बघता म्हणाले, "आमची ही ते आग्र्याचं हसून सांगते ना? तेव्हा ती हसत नव्हती. कारखान्यात माझ्याकडे पाठ करून उभी होती. मला वाटलं, पेठा बघतेय." मग गळ्यातलं कापड सारखं करत म्हणाले, "तीस वर्षं मला वाटलं, पेठाच बघतेय."

 मनू बिजागरी उघडझाप करत होती.

टेकडीवर ती होती. पांढरी पवनचक्की, पत्रकातल्यापेक्षा लहान, मागे निळा समुद्र, आणि पुढे फोटोसाठी पन्नास माणसांची शिस्तशीर रांग. त्या रांगेच्या शेवटी आयुष्यभर रांग चुकवलेला माणूस उभा राहिला. गळ्यात कापड, अर्धं डोकं ब्राह्मणाचं, अर्धं साधूचं. रांगेतली जपानी माणसं फार सभ्य; त्यांनी बघितलं नाही. पण हळूहळू एकेक जण "आपण पुढे व्हा" म्हणून बाजूला होत गेला आणि पाच मिनिटांत आम्ही सगळ्यांत पुढे होतो. कॅमेरा काकांनीच घेतला. त्यांना तो कसा धरायचा तेही माहीत नव्हतं. मेधा आणि मनू पवनचक्कीपुढे, मी बाजूला. तो फोटो अजून आमच्याकडे आहे. तिरका आहे आणि वरच्या कोपऱ्यात काकांचं बोट आलंय. मेधाचे डोळे सुजलेले, पण ती हसतेय, कारण समोर काका दिसताहेत.

"झालं?" आजींनी विचारलं. मग त्यांनी पवनचक्कीच्या आडोशाच्या बाकाखाली वर्तमानपत्र पसरलं, काकांना बाकावर बसवलं आणि उरलेलं डोकं कापायला घेतलं. तिथेच. रांगेसमोर. गणवेशातला रखवालदार धावत आला, आजींना बघून थबकला, टोपी काढून वाकला आणि गुपचूप निघून गेला. "लहानपणापासून त्याचे मीच कापते," आजी म्हणाल्या. "परवा ये म्हणावं, वाढलेत."

काका खालच्या मानेने माझ्याशी मराठीत बोलले, "हे आमच्या हिला कळता कामा नये. म्हणेल, परक्या पोरीसाठी पवनचक्की, आणि मला?" तीच ती शपथ; दुसऱ्या दिवशी बोटीवर त्यांनी ती रीतसर घेववली. त्यानंतरच्या रजेत ते भारतात गेले, काकूंना घेऊन कुठेतरी जाऊनही आले. कुठे, ते मला सांगितलं नाही. पण परत आल्यावर बँकेतल्या एकोणीस जणांना त्यांनी पहिल्यांदाच नियमाप्रमाणे मिठाई वाटली, खोक्यावर चित्र असलेली. खोक्यात पेठा होता. चित्र कसलं होतं ते तुम्ही ओळखलं असेल.

आणि तिकिटाची काळजी लागलेल्यांना सांगतो, मेधा त्या रविवारी गेली. पण आदल्या आठवड्यात तिने ते एकेरी तिकीट परतीचं करून घेतलं. जूनच्या अखेरीस मायलेकी परत आल्या, आणि मग आम्ही ग्योतोकुला सहा वर्षं राहिलो. स्टेशनमागच्या केस कापायच्या दुकानात तिची इतकी ऊठबस झाली की तिथल्या बाईच्या मुलाला ती रसायनशास्त्र शिकवायला लागली. खडू फेकला की नाही, माहीत नाही.

हे सगळं कुठे ठरलं, असं मला विचाराल तर त्या बाकावर. आजींनी काकांची मान झटकली, कापड सोडलं आणि हवेत एकदा फडकावलं. वर्तमानपत्रावरचे काळे-पांढरे केस गोळा करायला त्या वाकणार, तेवढ्यात मेधा पुढे झाली. तिने वेणी सोडली. काकांना हाताने बाजूला सारलं आणि त्यांच्या जागी बाकावर जाऊन बसली. काका दुभाष्याचं काम करायला तोंड उघडत होते, पण तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. रांगेतली पन्नास माणसं ऐकत असताना, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायच्या त्या आवाजात, ती थेट आजींना मराठीतच म्हणाली,

"आजी, आता माझे! आणि सरळ कापा हो, आठ महिने वाकडेच आहेत!"